सीलबंद सुदर्शन

माझ्या धाकट्या भावाचं, सुदर्शनचं, एक कपाट जपानी सिनेमांच्या संगीताच्या रेकॉर्डींनी भरलेलं होतं आणि त्यातली एकही त्याच्या घरात कुणी वाजवून ऐकलेली नव्हती. लोणीत त्याला 'जपान्या' म्हणायचे. पाठीमागं न्हाई, तोंडावर. आणि त्याला ते आवडायचं. यावरूनच माणूस कसा ते ओळखा.

मी उज्ज्वला, त्याची थोरली बहीण. येडगावला दिलेली, तिकडंच शाळेत शिकवते. सुट्ट्या लागल्या की माहेरी लोणीला येते, त्यामुळं हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जपानी ॲनिमेचं वेड त्याला अवसरीला इंजिनिअरिंग शिकताना लागलं. हॉस्टेलवर कुणाच्यातरी लॅपटॉपवर चारसहाजण डोकी लावून बघायचे. घरी आला की जेवताना फोन तांब्याला टेकवून तेच. आई म्हणायची, "दाढी आली तरी कार्टून बघतंय. उद्या पोरं झाल्यावर त्यांच्यासंगं रिमोटवरनं भांडणार का तू?" तेव्हा मी त्याची बाजू घ्यायचे. कारण त्यातला एक सिनेमा त्यानं मला बळंच बसवून दाखवला होता. समुद्रकाठी दीपगृह राखणाऱ्या माणसाची मुलगी आणि फक्त धुक्यातच किनाऱ्याला लागणारी एक होडी. बोलणं एक अक्षर कळत नव्हतं, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, तरी शेवटाला मी पदर डोळ्याला लावला. त्यात एक बाई शब्दच नसलेलं काहीतरी गुणगुणते, मागं हळू पियानो वाजतो. सुदर्शनला ते अख्खं पाठ होतं. विहिरीवर मोटर चालू करायला जायचा तो त्याचीच शीळ घालत. बांधावरून ती शीळ घरापर्यंत यायची.

म्हणूनच पुढं जे झालं त्याचा मला जास्त राग येतो. ज्याला मुळात काही कळतच नाही, त्याच्यावर कोण कशाला चिडेल?

आरतीचं स्थळ मीच आणलं. येडगावची, आमच्या शेजारच्या आळीतली मुलगी. बघायला गेलो तेव्हा मोठी माणसं मागच्या दारी धरणाचं पाणी बघत उभी राहिली आणि या दोघांना पडवीत बसवलं. सुदर्शननं तिला त्या होडीची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं संगीत तोंडानं वाजवून. आम्ही परत आत आलो तरी ती संपलेली नव्हती. आरती मागाहून मला म्हणाली, "ताई, आधीची मुलं पॅकेज आणि फ्लॅट सांगून गेली. यांनी होडी सांगितली." आणि होकार दिला.

लग्नानंतर ती दोघं पुण्यात राहिली, मग लॉकडाऊन लागला, कंपनीनं घरून काम करा म्हणून सांगितलं आणि ती लोणीला आली ती कायमचीच. आप्पा, आमचे वडील, त्याआधीच वारले होते. शेत चुलत्यांनी वाट्यानं केलेलं. सुदर्शनला ऑफिससाठी जागा हवी म्हणून माडीवर पत्र्याची खोली काढली. त्या खोलीत पहिली रेकॉर्ड आली, त्या होडीच्या सिनेमाचीच.

मला वाटलं, छान. माणसाला गाणं आवडतं, गाण्याची रेकॉर्ड आणली. त्यानं मला वर बोलावलं, हात धुवायला लावले, पुसायला लावले, आणि मग लांबूनच दाखवली. निळसर ढगाळ रंगाची रेकॉर्ड असल्याचं नुसतं सांगितलं, कारण ती आत होती आणि वरून पारदर्शक प्लास्टिकचं घट्ट सील होतं. कव्हरच्या डाव्या कडेला जपानी अक्षरांची कागदाची एक पट्टी गुंडाळलेली.

"याला ओबी म्हणतात," तो म्हणाला. "ही फाटली की रेकॉर्डची किंमत गेली."

आई जिन्यात उभी होती. तिला 'ओवी' ऐकू आलं. "ओवी व्हय?" ती म्हणाली, "मंग म्हण की जरा. कागदाला गुंडाळून काय ठिवलीस?"

सुदर्शन हसला नाही. तो तेव्हापासूनच हसायचा बंद झाला. ज्या गोष्टीची त्याला हौस होती तिच्याबद्दल तो आता बँकेतल्या साहेबासारखा बोलायला लागला. प्रेसिंग, म्हणजे रेकॉर्डीची छपाई; लिमिटेड; मिंट, म्हणजे हात न लागलेली; पहिली आवृत्ती. रेकॉर्डीमागून रेकॉर्डी येत गेल्या. एक पिवळी, एक अर्धी लाल अर्धी पारदर्शक, एक म्हणे अंधारात चमकणारी. ती चमकते का, हेही कुणी बघितलं नाही. कुरिअरवाल्याला आमचं घर सापडायचं नाही, मग तो एसटी स्टँडवर उभा राहून विचारायचा, "जपानचं पार्सल कुणाचं?" आणि अख्खा स्टँड हात लांब करून आमच्या माडीकडं दाखवायचा.

त्या खोलीचे नियम झाले. खाली ठेच्याच्या मिरच्या भाजायच्या असतील तर आधी वर ओरडून सांगायचं, म्हणजे तो दार लावून घेणार. उदबत्ती माडीवर आणायची नाही. आईनं तर पायच ठेवायचा नाही, कारण तिच्या हाताला कायम कांद्याची माती. ज्या कांद्यावर हा शिकला, त्या कांद्याची. मग त्यानं रेकॉर्ड वाजवायचा प्लेअर आणला. तोही चांगला, लाकडी, जड. त्याच्यावर काचेचं झाकण, झाकणावर कापड. आम्हाला वाटलं, आता तरी.

आरती एकदा म्हणाली, "होडीचं लावा ना."

"पहिलं प्रेसिंग आहे ते. सील फोडलं की संपलं."

"मग ऐकायचं कशावर?"

"फोनवर आहे की," तो म्हणाला.

ती खाली आली आणि मटकी निवडायला बसली. मी समोरच होते. मीही एक मूठ घेऊन निवडायला लागले.

तो व्हिडिओ करायला लागला. पार्सलचं खोकं उघडायचं, आतला फुगे असलेला प्लास्टिकचा कागद सोडवायचा, रेकॉर्ड कॅमेऱ्यासमोर या बाजूनं, त्या बाजूनं फिरवायची, आणि सील तसंच ठेवून कपाटात सरकवायची. अंगात काळा टी-शर्ट, हातात पांढरे मोजे, आणि इंग्रजी असं की शब्द लोणीचे नाहीत आणि लंडनचेही नाहीत. लोक ते बघायचे. रेकॉर्ड न ऐकणाऱ्या माणसाला रेकॉर्ड न ऐकणारी आणखी हजार माणसं भेटली, आणि सगळ्यांनी मिळून एकमेकांना जाणकार ठरवलं.

यातूनच जुन्नरचा रिजवान आमच्याकडं आला. दुकानांचे बोर्ड रंगवणारा पंचविशीतला मुलगा. व्हिडिओ बघून, पत्ता विचारत, मोटरसायकलवर जुन्नरहून लोणीला आला. पाठीला कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी तेव्हा माहेरीच होते. आईनं त्याला चहा दिला, कुठला, कुणाचा विचारलं, तोवर सुदर्शन खाली आला.

"भाऊ, मी तुमचे सगळे व्हिडिओ बघतो," रिजवान म्हणाला. "ते दीपगृहवालं म्युझिक मला लई आवडतं. फोनवर ऐकतो, पण लोक म्हणत्यात रेकॉर्डवर आवाज येगळाच येतो. एकदा ऐकायला मिळंल का? एकच बाजू."

"ती सील्ड आहे," सुदर्शन म्हणाला.

"मग दुसरी कुठली उघडी असंल ती."

"माझ्याकडं उघडी एकही नाही." हे त्यानं असं सांगितलं, जसं एखादा सांगतो की माझ्यावर एकही गुन्हा नाही.

रिजवान गोंधळला. "मग तुमी ऐकता कवा, भाऊ?"

सुदर्शननं खिशातून फोन काढून बघितला. रिजवानला वाटलं आपलंच काही चुकलं. त्यानं घाईघाईनं कापड सोडलं. आत पत्र्यावर ऑइलपेंटनं काढलेलं ते दीपगृह होतं, खाली धुकं, आणि धुक्यात होडीचं फक्त टोक. बोर्ड रंगवायच्या त्याच रंगांनी काढलेलं, पण धुकं असं जमलं होतं की मला पुन्हा तो सिनेमा आठवला. "तुमच्यासाठी आणलंय," तो म्हणाला.

सुदर्शननं ते हातात घेऊन मागं पुढं बघितलं. "छान आहे," तो म्हणाला, "पण हे ऑफिशियल नाही ना. कलेक्शनमध्ये नाही ठेवता येणार."

त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही. आरती चहाचे कप उचलत होती, तिनं ट्रे खाली ठेवला, ते चित्र सुदर्शनच्या हातातून घेतलं आणि स्वयंपाकघरात फळीवर, डब्यांच्या पुढं, उभं केलं. रिजवान उन्हातच निघून गेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात रेकॉर्डी जमवणाऱ्यांचा मेळावा होता. सुदर्शनला त्यात बोलायला बोलावलं. विषय होता ॲनिमे सिनेमांचं संगीत. संगीतावर हा काय बोलणार, हे मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, प्रेसिंगवर बोलायचंय." आरतीनं यायला नकार दिला. मला पुण्यात काम होतं, म्हणून मी त्याच्या गाडीत बसले. कपाटातल्या सगळ्यात भारी रेकॉर्डी निवडून त्यानं एका खोक्यात उभ्या लावल्या आणि खोकं मागच्या डिकीत ठेवलं. खाली सतरंजी घालायला विसरला नाही.

पाबळवरून सरळ गेलो असतो तर उन्हाच्या आत पोहोचलो असतो. पण मंचरला कॉलेजचे जुने मित्र हॉटेलात भेटायचे ठरले होते. मेळाव्यात भाषण आहे हे त्यांना सांगितल्याशिवाय भाषणाला जाण्यात काय मजा? गाडी रस्त्यालगत उघड्यावर लावली, काचा वर. जेवण झालं, ताक झालं, मग पुन्हा गप्पा. मी तीनदा म्हटलं, "सुदर्शन, गाडी उन्हात आहे. आत ते सामान."

"ताई, सील आहे त्याला."

"सीलला ऊन लागत नाही का रे?"

मित्र हसले. मला वाटतं ते माझ्यावर हसले. नंतर चाकणला ट्रकांच्या रांगेत अडकलो ते वेगळंच. डिकीच्या पत्र्यावर हात ठेवला असता तर भाकरी शेकली असती.

हॉल थंडगार होता. खुर्च्यांवर पोरंपोरी, काही पिकल्या केसांची माणसं. सुदर्शन बराच वेळ बोलला. कुठल्या सालची आवृत्ती, किती कॉपी काढल्या, ओबीचा रंग कुठल्या छपाईत बदलला. समोरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, दीपगृहाच्या सिनेमात ती बाई गुणगुणते, तो आवाज रेकॉर्डवर कसा वाटतो?" सुदर्शन म्हणाला, "वॉर्म." आणि पाणी प्यायला.

मग कार्यक्रम चालवणाऱ्या गृहस्थांना हुक्की आली. साठीचे, हसरे, स्वतः जुनी नाट्यगीतं जमवणारे. "आज इतके लोक जमलेत, सुदर्शनराव. एक सील फोडा. आमच्याकडं उत्तम प्लेअर आहे. सगळे मिळून ऐकू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या मोबाइलचे कॅमेरे वर झाले. आणि कॅमेऱ्यापुढं माझ्या भावाला नाही म्हणता येत नाही.

त्यानं दीपगृहाचीच काढली. नखानं सील फाडलं, तेही हळूहळू, जखमेवरची पट्टी काढावी तसं. निळी रेकॉर्ड बाहेर आली. ती उन्हात टाकलेल्या पापडासारखी एका बाजूनं वर आली होती. त्या गृहस्थांनी ती तरीही प्लेअरवर ठेवून बघितली. सुई चढावर चढली, उतारावर घसरली, त्या बाईचा आवाज रडवेला होऊन मोठा झाला, मग बुडाला, मग सुई उडून बाजूला पडली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हॉल आवरेना.

दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं तेच.

गृहस्थांना वाईट वाटलं असावं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "प्लास्टिकचं सील तापलं की आवळतं हो. आत रेकॉर्डला जागा राहत नाही. सील काढून ठेवली असतीत तर कदाचित वाचल्या असत्या."

परतीच्या वाटेला लागलो. राजगुरुनगर ओलांडलं आणि सुदर्शननं एकेकाला दोष द्यायला तोंड उघडलं. आधी ऊन, मग चाकणची वाहतूक, मग मंचरचे मित्र, मग मी. माझ्यावर का, तर मी "अपशकुनी बोलले". मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. स्वतःचं नाव त्या यादीत घालायला त्याला मंचर आलं तरी जमलं नाही.

इथवर हे सगळं हसण्यावारी होतं. पुढचं मात्र माझ्या डोक्यात गेलं.

घरी आल्यावर त्यानं दीपगृहाच्या वाकड्या रेकॉर्डचे फोटो काढले आणि जपानमधल्या त्या दुकानाला इंग्रजीत कळवलं, की जपून ठेवलेलं सील आत्ता उघडलं तर माल असा निघाला. मला फोनवर वाचून दाखवलं. भाषा कशी झालीय ते विचारायला. मी म्हटलं, "सुद्या, हे खोटं आहे."

"ताई, त्यांना काय फरक पडतो?"

त्या लोकांनी काही विचारलंच नाही. उलट दोनदा तीनदा माफी मागितली. बांधणीत आमची चूक झाली असेल, तुमच्या आनंदात विघ्न आलं, वगैरे. आणि नवी रेकॉर्ड पाठवून दिली. सोबत त्रासाबद्दल म्हणून एक छोटा सुती रुमाल, घडी घालून. मी दिवाळीच्या सुट्टीत गेले त्याच दिवशी ते पार्सल आलं. सुदर्शननं ते खालच्या घरातच, आम्हा सगळ्यांसमोर उघडलं. तो खुशीत होता. आईनं रुमाल उचलून बघितला. "ह्यो तरी वापरायचा का ह्यालाबी सील हाय?"

आरती विळीवर भेंडी चिरत होती. तिनं विचारलं, "पुन्हा कशी काय आली ही?"

त्यानं सांगितलं. लपवलं नाही, हेच वाईट. हुशारी म्हणून सांगितलं.

"म्हणजे त्यांनी माफी मागितली," आरती म्हणाली. "तुमच्या गाडीतल्या उन्हाची."

"अगं, कंपनी आहे ती."

"माणसांनीच घडी घातलीय त्या रुमालाची."

तो हात पुढं करत म्हणाला, "बरं, आण इकडं. वर ठेवून येतो." कारण रेकॉर्ड तिच्या हातात होती. तिनं ती बघायला म्हणून उचलली होती. तिनं भेंडी बाजूला सारली, रेकॉर्डची कड विळीच्या पात्याला लावली आणि एका ओढीत सील आणि ओबी दोन्ही चिरलं. आवाज असा काही मोठा झाला नाही. सुदर्शनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मात्र शेजारी ऐकू गेला.

ती उठून सरळ माडीवर गेली. आम्ही तिच्या मागं. आईसुद्धा, मातीच्या हातांनी. आरतीनं प्लेअरवरचं कापड ओढलं, झाकण उघडलं, रेकॉर्ड ठेवली. सुई कशी टेकवायची ते तिला ठाऊक नव्हतं. खरखर झालं.

"हळू!" सुदर्शन ओरडला आणि पुढं होऊन त्यानंच सुई उचलून नीट ठेवली.

पियानो सुरू झाला. मग ती बाई गुणगुणायला लागली. फोनमध्ये ती लांब कुठंतरी असते, इथं ती खोलीत होती, श्वास घेतलेला कळत होता. आई जमिनीवर बसली. "बाई एकटीच हाय गं," ती म्हणाली, "कुणालातरी आंदुळतीया." आरती भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुदर्शनवर. मला वाटलं, आता हा वर बघेल. ज्या मुलानं पडवीत हेच तोंडानं वाजवलं होतं, तो कुठंतरी असेल ना आत.

सुदर्शन गुडघ्यावर बसून ओबीचे दोन तुकडे जुळवत होता. खालून तो ते उचलून घेऊन आला होता. कडेला कड लावून बघत होता, चिकटपट्टीनं जमेल का. एक बाजू पूर्ण वाजून संपली तरी त्याची मान वर झाली नाही.

आरती मला नंतर एवढंच म्हणाली, "ताई, यांना गाणं आवडतं असं मला वाटलं होतं."

त्या दोघांचं काही मोडलं नाही. मोडायला आवाज व्हावा लागतो, तसा झाला नाही. पुण्यातला तो पापडाचा व्हिडिओ सगळीकडं फिरला होता, त्या गटात सुदर्शनला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. उरलेल्या रेकॉर्डी त्यानं बेंगळुरूच्या एका माणसाला विकल्या, सीलसकट. त्या माणसानं त्या फोडल्या असतील अशी मला आशा नाही. आता त्याला जपानी फाउंटन पेनांचं वेड लागलंय. शाई भरत नाही.

प्लेअर आणि ती एक रेकॉर्ड आरतीनं खाली आणून ठेवली. रिजवानला तिनं स्वतः फोन केला. गेल्या महिन्यात तो आला, बहिणीला, रुबिनाला, घेऊन. दोघं बैठकीत बसून ऐकत होती. रिजवाननं डोळे मिटून घेतले होते, रुबिना स्वयंपाकघराच्या दारातून फळीवरचं, भावानं काढलेलं चित्र बघत होती. आई मधूनच भुईमुगाच्या शेंगा पुढं सरकवत होती.

मी वर गेले. सुदर्शन लॅपटॉपपुढं, शेजारी पेनांची डबी.

"चल खाली. ऐकायला बसलेत सगळे."

"ताई, मी ते ऐकलंय," तो म्हणाला. "लई वेळा."

"कधी?"

त्यानं थोडा विचार केला. "कॉलेजात असताना."

मी त्याच्याकडं बघितलं. काही बोलावं असं ओठांवर आलं होतं, चांगलं झणझणीत. पण खालून आरतीनं हाक मारली, "ताई, दुसरी बाजू लावायचीय, येताय का?" आणि मी खाली आले.